कुलाब्याचे दस्तक आणि खेळाची कॅसेट

रेवदंड्याच्या कोटाच्या पडक्या तटावर उभे राहून दक्षिणेला कुंडलिका खाडीचे मुख आणि त्यापलीकडे समुद्रात घुसलेली कोर्लईची सोंड पाहिली, म्हणजे या दोन ठाण्यांच्या तोफांची नजर चुकवून एखाद्या व्यापाऱ्याचे गलबत चौलच्या बंदरात शिरणे किती दुष्कर होते, हे कोणत्याही ग्रंथाच्या साहाय्यावाचून ध्यानात येते. पोर्तुगीज येण्यापूर्वी या किनाऱ्यावर जकात नव्हती असे नाही. चौल हे प्राचीन बंदर; तेथे माल उतरला की त्यावर स्थानिक अमलदाराचा हक्क लागू होई, आणि तो हक्क व्यापारीही मान्य करीत, कारण त्या मोबदल्यात बंदर, बाजारपेठ आणि थोडीबहुत सुरक्षितता त्यांना मिळत असे. परंतु नुसत्या खाऱ्या पाण्यावरून जाण्यासाठी कोणाची तरी लेखी अनुज्ञा लागते, ही कल्पना मात्र नवी होती. १५२१ मध्ये निजामशाहीच्या संमतीने रेवदंड्याला पाय रोवल्यावर पोर्तुगीजांनी ती आपल्या इतर ठाण्यांप्रमाणे येथेही अमलात आणली. त्यांच्या परवान्याला कार्ताज म्हणत. जहाजाचे नाव, तांडेल कोण, शस्त्रे किती, कोठून निघाले आणि कोठे जाणार हे सारे त्यात नमूद असे. मिरीसारखा जो व्यापार पोर्तुगालच्या राजाने स्वतःसाठी राखून ठेवला होता त्याला त्यात मज्जाव असे. आणि कार्ताज नसलेले, किंवा कार्ताजातील कलमाबाहेर गेलेले जहाज मालासकट जप्त करण्याचा अधिकार पोर्तुगीज आरमार स्वतःकडे घेत असे.

हा अधिकार त्यांना कोणी दिला, या प्रश्नाला त्या काळी तोफ हेच उत्तर होते. आणि परवाना घेतला तरी अभय मिळेलच याचीही शाश्वती नव्हती. १६१३ साली सुरतेजवळ 'रहीमी' नावाचे प्रचंड जहाज पोर्तुगीजांनी पकडले. ते बादशहा जहांगीर याच्या मातोश्रींच्या मालकीचे होते आणि त्यावर पोर्तुगीजांचाच कार्ताज होता. ज्याने लेखी अभय दिले त्यानेच ते मोडले, आणि त्याबद्दल मोगल दरबाराशी उघड वैर पत्करले. परवान्याच्या इतिहासात ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. परवाना देणारा जेव्हा स्वतःचे कर्तव्य विसरतो, तेव्हा परवाना न घेणाऱ्याला चोर म्हणण्याचा त्याचा नैतिक अधिकार शिल्लक राहतो काय, हा प्रश्न तेव्हापासून या समुद्रावर उभा आहे. रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्याचा इतिहास मी ज्या हेतूने येथे मांडतो आहे तो हेतू हाच प्रश्न. आज तो गलबतांविषयी विचारला जात नाही. मुलांच्या हातातील खेळांविषयी, त्यांच्या विनापरवाना प्रतींविषयी आणि त्या खेळांना नव्या यंत्रावर जिवंत करणाऱ्या एम्युलेटरविषयी विचारला जातो.

पोर्तुगीजांनी घालून दिलेला कित्ता सर्वांनी गिरवला. जंजिऱ्याचा सिद्दी आपले परवाने देऊ लागला, मुंबईचे इंग्रज देऊ लागले, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी अलिबागसमोरच्या कुलाब्याच्या जलदुर्गात बसून कान्होजी आंग्रे आपले परवाने, म्हणजे दस्तके, देऊ लागले. इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख चाचा म्हणून येतो आणि तेथून तो अनेक इतिहासग्रंथांत उतरला. वस्तुतः कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने छत्रपती शाहूंच्या पक्षात आल्यावर आरमाराचा आणि किनाऱ्यावरील किल्ल्यांचा अधिकार त्यांच्याकडे रीतसर कायम झाला. दस्तकासाठी रक्कम ठरलेली असे. ते घेणाऱ्या गलबताला आंग्र्यांच्या आरमाराचे अभय असे. न घेणाऱ्याला पकडले जाई. कायद्याच्या दृष्टीने कार्ताजात आणि दस्तकात जर काही फरक असेल तर तो एवढाच, की कार्ताज देणारा हजारो कोसांवरून आलेला होता आणि दस्तक देणारा या किनाऱ्याच्या धन्याचा चाकर होता.

इंग्रज आणि कान्होजी यांच्यातील वादाचे खरे मूळ मात्र याहून बारीक आहे, आणि आजच्या विषयाशी त्याचे नाते जवळचे आहे. १७१२ साली मुंबईच्या गव्हर्नराचे सशस्त्र जहाज आणि त्याच्या सोबतीने चाललेले 'अ‍ॅन' हे गलबत कान्होजींच्या आरमाराने पकडले. त्या झटापटीत कारवारच्या वखारीचा प्रमुख मारला गेला आणि त्याची पत्नी कैदेत पडली. तिच्या सुटकेसाठी ईस्ट इंडिया कंपनीला ३०,००० रुपये मोजावे लागले. पुढच्या वर्षी तह झाला आणि कंपनीच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे कान्होजींनी मान्य केले. पण कंपनीची जहाजे म्हणजे कोणती? मुंबईतील देशी व्यापारी आपला माल इंग्रजांच्या निशाणाखाली आणि इंग्रजांच्या परवान्यावर नेऊ लागले. इंग्रजांचे म्हणणे असे की, निशाण आमचे म्हणून जहाज आमचे. कान्होजींचे म्हणणे असे की, तह कंपनीशी झाला आहे. तिच्या आडोशाने जाणाऱ्या इतर व्यापाऱ्यांच्या मालाशी त्याचा संबंध नाही. एकाला दिलेली अनुज्ञा दुसऱ्याने वापरावी काय, आणि ती तिसऱ्याला विकता येते काय, या मुद्द्यावर तह मोडला. गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१८ मध्ये खांदेरीवर आरमार पाठवले, ते हात हलवीत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज हे एरवीचे प्रतिस्पर्धी एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, तेही अयशस्वी झाले. पुढे मुंबईच्या गव्हर्नराशी झालेल्या पत्रव्यवहारात, दुसऱ्याच्या मालाचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही, अशा आशयाचे उत्तर कान्होजींनी दिले. ते उत्तर वाचताना या पुरुषाच्या निर्भयतेइतकाच त्याच्या न्यायबुद्धीचा तोल मनावर ठसतो.

माझ्या मते कान्होजी चाचे नव्हते, आणि हे मत मी केवळ स्वकीयांच्या अभिमानापोटी बाळगलेले नाही. चाचा माल लुटतो आणि नाहीसा होतो. कान्होजींच्या दस्तकामागे किल्ले होते, आरमार होते, आणि ज्याने दस्तक घेतले त्याला राखण्याची जबाबदारी होती. हक्क आणि जबाबदारी यांची ही जोडी जोवर टिकते तोवर परवान्याच्या व्यवस्थेला न्यायाचे अधिष्ठान असते. मात्र याच निकषाने पाहिले तर ज्या गरीब नाखव्याचे गलबत दोन-तीन सत्तांच्या परवान्यांच्या कात्रीत सापडून बुडाले, त्याच्यावर अन्याय झाला हेही मान्य केले पाहिजे. एकाच पाण्यासाठी त्याने सिद्दीचा, इंग्रजांचा, पोर्तुगीजांचा आणि आंग्र्यांचा असे किती परवाने घ्यावेत?

याच किनाऱ्यावरील, कान्होजींच्या आधीच्या काळातील आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजे बांधण्यास आरंभ केला तेव्हा काही पोर्तुगीज कारागीर कामाला लावले होते. गोव्याच्या आणि वसईच्या अधिकाऱ्यांना ते खपले नाही आणि ते कारागीर काम सोडून गेले. तरी जहाजे बांधली गेली. परक्याच्या जहाजाची ठेवण पाहून, ती समजून घेऊन, आपल्या सुतारांकडून आपल्या लाकडात तसे काम करणारे जहाज उतरवणे याला त्या काळच्या शत्रूनेही चोरी म्हटले नाही. त्याला भय वाटले एवढेच. जहाज बांधण्याची विद्या घेणे आणि जहाजातला माल उचलणे या दोन कृत्यांतील अंतर तेव्हाच्या दर्यावर्दींना उमगले होते. आज न्यायालयांना आणि कंपन्यांना ते पुन्हा समजावून सांगावे लागते.

कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून कान्होजींचे पुत्र तुळाजी यांचा विजयदुर्ग घेतला. आणि १८४० मध्ये औरस वारस नाही या सबबीवर कुलाब्याचे आंग्रे संस्थान कंपनी सरकारने खालसा केले. त्यानंतर सातच वर्षांनी, १८४७ मध्ये, कंपनीच्या मुलखासाठी हिंदुस्थानातील पहिला ग्रंथस्वामित्वाचा कायदा झाला. समुद्रावरचे परवाने बोथट होत असताना बुद्धीच्या मालाचे परवाने जन्माला आले, हा केवळ योगायोग. पण त्या पहिल्याच कायद्यात एक कलम असे होते की, ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर हक्काचा मालक ग्रंथ पुन्हा छापू देत नसेल, तर सरकार दुसऱ्याला तो छापण्याचा परवाना देऊ शकेल. मालकाने हक्क घेऊन बसावे आणि वाचकाला ग्रंथ मिळू नये, ही अवस्था कंपनी सरकारलाही मान्य नव्हती. पुढे १९१४ चा कायदा आला आणि स्वतंत्र भारताचा १९५७ चा. त्यातही कलम ३१ च्या रूपाने हे तत्त्व टिकून आहे.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात या किनाऱ्यावर कस्टमची चौकी आली आणि चोरटी आयातही आली. स्वातंत्र्योत्तर काळात सोन्यावर बंधने आणि परदेशी मालावर जबर जकात असल्यामुळे दिघी, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या भागांतील खाड्या रात्रीच्या मालासाठी सोयीच्या ठरल्या. घड्याळे, कापड, चांदी, पुढे व्हिडिओची यंत्रे उतरू लागली. गावोगावच्या माणसांनी याकडे काणाडोळा केला. सरकारची जकात बुडाली तर आपले काय बिघडले, असे म्हणणारे तेव्हा चांगले सुशिक्षितही होते. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर त्याच सरावलेल्या वाटेने स्फोटके उतरली, पैसे घेऊन वाट मोकळी करणाऱ्या सरकारी नोकरांना पुढे न्यायालयाने शिक्षा केल्या, आणि त्या स्फोटकांनी झालेल्या स्फोटांत मुंबईत शेकडो निरपराध मेले. विनापरवाना मालाबद्दल आपुलकीने बोलणाऱ्या कोणीही हे विसरू नये. बुडवलेला कर आणि उतरलेली स्फोटके एका तराजूत घालता येत नाहीत हे खरे. पण ज्या वाटेवर पहारा विकला जातो त्या वाटेने काय येईल हे वाट सांगत नाही.

१९८० च्या दशकात व्हिडिओ आला. मुंबईहून येणारा चाकरमानी गणपतीत किंवा मे महिन्यात भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन येई, आणि ओटीवर किंवा अंगणात रात्रभर तीन-तीन चित्रपट चालत. त्यातील बहुतेक कॅसेटी बेकायदा होत्या. चित्रपटांच्या या लुटीमुळेच १९८४ मध्ये ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, शिक्षा कडक झाल्या, आणि त्याच दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रामही साहित्यकृतीच्या व्याख्येत आला. महाराष्ट्र तर आणखी पुढे गेला. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले यांसारख्यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने 'दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती' या वर्गाची भर पडली. खटला चालण्यापूर्वीच बारा महिन्यांपर्यंत डांबून ठेवण्याचा हा अधिकार आहे. सीडी विकणाऱ्या पोराला हातभट्टीवाल्याच्या पंक्तीला बसवणारा कायदा मला अतिरेकी वाटतो. दंड असावा, माल जप्त व्हावा. पण विनाचौकशी स्थानबद्धता हे शस्त्र या अपराधासाठी नव्हे.

खेळांची कथा व्हिडिओच्या पाठोपाठ सुरू होते. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये घरच्या टीव्हीला जोडायचे खेळयंत्र बाजारात आणले आणि थोड्याच वर्षांत तैवान व चीनमध्ये त्याच्या हुबेहूब नकला निघू लागल्या. भारतातील मध्यमवर्गाला मूळ यंत्र क्वचितच दिसले. त्याच्या वाट्याला नक्कलच आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, मनीष मार्केटात ती मिळे, आणि तेथून सुट्टीच्या सामानातून अलिबाग, पेण, रोहा, महाड अशी किनाऱ्यापर्यंत आणि घाटापर्यंत पोहोचे. आम्ही त्याला नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत असू, आणि त्यात बसवायच्या डबीला 'कॅसेट'. पिवळी, काळी, तपकिरी प्लास्टिकची ही कॅसेट. वर रंगीत चित्र आणि '९९९ इन १' असा आकडा. आत खेळ मोजके, तेच पुन्हा पुन्हा, कधी दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारे. कॅसेट उघडून पाहिली तर हिरव्या पाटीवर मूळ कंपनीची चिप नसे, तर डांबरासारख्या काळ्या थेंबाखाली झाकलेले सिलिकॉन असे. कोणी, कोठे, केव्हा बनवले याची एक खूणही नाही. यंत्राबरोबर बदकांवर नेम धरण्याची बंदूक मिळे. ती बंदूक काही झाडत नसे. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशाचा डोळा तो चौकोन टिपे. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच हे जमते, कारण तेथे चित्र ज्या क्षणी रेखले जाते त्याच क्षणी ते प्रकाशते. आजच्या सपाट पडद्यावर चित्र थोडे उशिरा येते आणि बंदूक आंधळी होते. म्हणजे कॅसेट चालू असली, यंत्र चालू असले, तरी टीव्ही गेला की तो खेळ गेला.

त्यात किनाऱ्याची हवा. खाऱ्या वाऱ्याने कॅसेटच्या तांब्याच्या दातांवर हिरवा थर चढतो, आणि मग मुले कॅसेटीत फुंकर मारतात. फुंकरीतील ओलाव्याने थर आणखी वाढतो. घाटावर ज्या वस्तू चाळीस वर्षे टिकतात त्या कोकणात वीस वर्षेही टिकत नाहीत.

याच काळात समुद्राच्या परवान्याचे नवे ठाणे उरण तालुक्यात उभे राहिले. न्हावा आणि शेवा या गावांच्या भूमीवर २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. या परिसरातील जमिनींच्या संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दिलेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्ताचा उल्लेख केल्यावाचून या बंदराचे नाव घेऊ नये. घारापुरीच्या लेण्यांसमोरील या धक्क्यावर देशातील कंटेनरने येणाऱ्या मालाचा फार मोठा भाग उतरतो, आणि त्यातील नकली मालावर पहारा ठेवण्यासाठी २००७ पासून बौद्धिक संपदेच्या अंमलबजावणीचे नियम लागू आहेत. ज्याचा हक्क आहे त्याने कस्टमकडे नोंद करावी. संशयित माल आला तर कस्टम तो अडवते आणि हक्कधारकाला कळवते. परंतु हक्कधारकाने ठरलेल्या मुदतीत पुढे येऊन कामकाजात भाग घेतला नाही, तर माल मोकळा करावा लागतो. प्रवाशाच्या सामानातील, स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या वस्तूंना हे नियम लागू होत नाहीत. या नियमांत मला शहाणपण दिसते. हक्क सांगायचा असेल तर हजर राहा. आणि घरगुती वापरामागे लागू नका.

आता एम्युलेटरकडे वळू. एका यंत्राचे काम दुसऱ्या यंत्राकडून हुबेहूब करवून घेणारा प्रोग्राम म्हणजे एम्युलेटर. जुन्या खेळयंत्राच्या अंतरंगातील प्रत्येक सूचना तो आजच्या संगणकाच्या सूचनेत बदलतो, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ आजच्या फोनवरही चालतो. एम्युलेटर स्वतः लिहिणे हे दुसऱ्याचे जहाज पाहून आपले जहाज बांधण्यासारखे आहे, आणि न्यायालयांनी ते तसेच मानले. अमेरिकेत १९९२ मध्ये सेगा आणि अ‍ॅकोलेड या कंपन्यांमधील वादात, आणि २००० मध्ये सोनी आणि कनेक्टिक्स या कंपन्यांमधील वादात, यंत्र समजून घेण्यासाठी केलेली तात्पुरती नक्कल न्यायालयाने वैध ठरवली. आपल्याकडे संसदेने हेच कायद्यात स्पष्ट लिहिले. १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये नंतरच्या दुरुस्त्यांनी जी पोटकलमे आली त्यांनुसार, प्रोग्रामचे काम निरखणे, अभ्यासणे, तपासणे, आणि दुसऱ्या प्रोग्रामशी तो जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती मिळवणे हा गुन्हा नाही. कायदेशीररीत्या मिळालेल्या प्रतीवरून स्वतःच्या बिनव्यापारी वापरासाठी प्रत काढणे हाही गुन्हा नाही. २०२४ मध्ये 'युझू' या एम्युलेटरच्या कर्त्यांनी निन्टेंडोला २४ लाख डॉलर देण्याचे कबूल करून काम बंद केले, हे लोक वारंवार सांगतात. पण तो समझोता होता, एम्युलेटर बेकायदा असल्याचा निवाडा नव्हे. शिवाय तो विक्रीत असलेल्या, ताज्या यंत्राचा प्रश्न होता.

बाजारात विकत मिळणारा खेळ फुकट उचलणे हे चूकच आहे, आणि त्याबाबत मी कोणतीही पळवाट मान्य करीत नाही. तो खेळ बनवणारी माणसे पगारावर जगतात; आता त्यांच्यांत पुण्या-मुंबईची मराठी मुलेही आहेत. दस्तक देणारा चौकीवर हजर आहे, अभय देतो आहे, दरही ठरलेला आहे. तेथे न भरता निघून जाणारा कायद्याचाही आणि नीतीचाही अपराधी आहे.

पण चौकी ओस पडली असेल तर? 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ हक्कधारकांकडून विक्रीस उपलब्ध नाहीत असे आढळले. हक्क मात्र अबाधित आहे. १९८५ सालच्या खेळाचा हक्क आपल्या कायद्याने कोणत्याही हिशेबाने २०४५ पूर्वी संपत नाही, आणि कर्ता हयात असेल तर कितीतरी पुढे जातो. तोवर कॅसेटीचे दात खाऊन जातील, काचेचे टीव्ही भंगारात जातील, आणि ज्याचा हक्क राखला तो खेळच उरणार नाही. ज्यांनी हे खेळ जपले ते कोण? मूळ कंपन्यांपैकी कित्येकांनी आपले मूळ लेखनसुद्धा जपले नाही. ते जपले बेकायदा प्रती काढणाऱ्या छांदिष्टांनी. ही गोष्ट कोणाला रुचो वा न रुचो, ती खरी आहे.

कोकणातील पेच तर याहून बिकट आहे. स्वतःच्या वापरासाठी प्रत काढण्याची सवलत कायदेशीररीत्या मिळालेल्या प्रतीलाच आहे, आणि आमच्या माळ्यावरची '९९९ इन १' मुळातच नकली. म्हणजे एका अख्ख्या पिढीने ज्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा हे खेळ पाहिले, त्या वस्तूची एकही प्रत कायद्याच्या कक्षेत बसत नाही. मालकाने त्या काळी येथे माल फारसा आणला नाही, आणला तो मध्यमवर्गाच्या आवाक्यात ठेवला नाही, आणि आज तो पुरवीतही नाही. तरीही या पिढीच्या बालपणाच्या नोंदी ठेवण्याची अनुज्ञा कोणाकडे मागावी हे कायदा सांगत नाही. कलम ३१ आणि ३१-अ मध्ये, लोकांपासून रोखून ठेवलेल्या कृतीसाठी आणि ज्याचा कर्ता सापडत नाही अशा कृतीसाठी सक्तीच्या परवान्याची सोय आहे. १८४७ च्या त्या जुन्या कलमाचाच हा वंश. परंतु त्यासाठी आता न्यायालयात जावे लागते, आणि एका जुन्या खेळासाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढणारा ग्रंथपाल मला तरी दिसत नाही.

ग्रंथालयांपुरते पाहिले तर उणीव अगदी नेमकी दाखवता येते. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला काढता येतात. त्यात नकाशे आहेत, संगीताची बाडे आहेत, खेळ नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने ग्रंथालयाला जतनासाठी कृती संगणकात साठवण्याची मुभा मिळाली, परंतु अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची अडिजिटल प्रत आधी असली पाहिजे. खेळ तर जन्मतःच डिजिटल. कागदाची काळजी वाहणाऱ्या कायद्याला या नव्या वस्तूची कल्पनाच नव्हती. अमेरिकेतही २०२४ मध्ये ग्रंथालयांनी संशोधकांना घरबसल्या जुने खेळ वापरू देण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. म्हणून आपण थांबावे असे नाही. अलिबागेत १९०४ पासून भूचुंबकीय वेधशाळा क्षणाक्षणाच्या नोंदी जपते आहे, आणि मुंबईतील कुलाबा वेधशाळेच्या जुन्या नोंदी त्यांना जोडल्या म्हणजे ती मालिका जगातील दीर्घतम मालिकांत मोडते. न तुटलेल्या नोंदीची किंमत या किनाऱ्याला ठाऊक आहे.

म्हणून दोन विनंत्या आहेत. ज्यांच्या घरी माळ्यावर जुने यंत्र, बंदूक, कॅसेटी आणि काचेचा टीव्ही पडून असेल त्यांनी ते भंगारवाल्याला घालू नये. कोरड्या डब्यात ठेवावे, आणि कोणत्या सालच्या सुट्टीत, कोणत्या बाजारातून, किती रुपयांना आणले याची चिठ्ठी सोबत ठेवावी, कारण दुकानदाराची पावती त्या काळी कोणी देत नसे. आणि आपल्या खासदारांकडे मागणी करावी की कलम ५२ मधील पुस्तकांच्या तीन प्रतींची सवलत, बाजारात न मिळणाऱ्या संगणकीय खेळांनाही सार्वजनिक ग्रंथालयांपुरती लागू करावी, आणि संगणकात साठवणुकीसाठी घातलेली अडिजिटल प्रतीची अट काढून टाकावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. जुन्या कायद्यात दोन ओळींची दुरुस्ती पुरे आहे.